माझ्या नावाने दिलेला नकार

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझं इंग्रजी एवढं चांगलं, मग तू शेवटपर्यंत स्टेनोच कशी राहिलीस?" त्या काळी तसंच असायचं, असं म्हणून मी विषय बदलला. ते खरं नव्हतं. तुमचे आजोबा असेपर्यंत हे सांगावंसं वाटलं नाही. आता लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. गावाबाहेर लोखंडी सळयांचा एक कारखाना होता, तिथे मी साहेबांची स्टेनो होते. साहेब हिंदी-मराठी मिसळून भराभर सांगत. मी ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई आणि टाइप करताना त्याचं नीट इंग्रजी करी. आलेल्या माणसाला साहेबांच्या वतीने नाही म्हणणं, हेही माझंच काम. पण साहेबांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावाने मी कुणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

एके दिवशी साहेब म्हणाले, "बाई, पुण्याला खासगी सचिवांसाठी तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे. बैठकीचं इतिवृत्त कसं लिहायचं, दौरा कसा आखायचा, सगळं शिकवतात. जाऊन या. आल्यावर बैठकीत माझ्या शेजारी बसायचं, दाराबाहेर नाही."

त्या शेवटच्या वाक्याने मला दोन रात्री झोप आली नाही. इतकी वर्षं आतली बोलणी मी दाराबाहेरूनच ऐकत आले होते.

आजोबा शाळेत शिक्षक होते. घरी सांगताना मला धाकधूक होती, पण माझ्याहून त्यांनाच जास्त आनंद झालेला दिसला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते आपणहून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरची बाई पुण्याला ट्रेनिंगला चालली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, नवरा असावा तर असा!" त्याआधीच आजोबांनी बाजारातून माझ्यासाठी नवी बॅग आणली होती. मुलं सांभाळायला या, असा निरोपही सासूबाईंना गावी, धावड्याला, पाठवला होता.

पुढच्या शनिवारी साहेबांनी मला आत बोलावलं. "बाई, पुण्याला ट्रंक कॉल लावा. नाव बदलायचंय. आपल्या टायपिस्टला पाठवतोय."

तो टायपिस्ट माझ्यानंतर लागलेला. मी विचारलं, "कुणाच्या जागी?"

साहेब गोंधळले. "तुमच्या जागी. तुमचे मिस्टर सोमवारीच भेटून गेले ना? म्हणाले, घरी आईची तब्येत बरी नाही, बाईंची इच्छा नाही, पण तोंडावर नाही म्हणायला तिला संकोच वाटतो."

सोमवारी. म्हणजे टाळ्यांच्या दुसऱ्याच दिवशी.

"साहेब, तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं."

"नवऱ्याने सांगितलं म्हणजे तुम्हीच सांगितलं, असं धरलं मी. आता टायपिस्टलाही हो म्हणून बसलोय."

मी बाहेर येऊन कॉल लावला. टायपिस्टच्या नावातलं एकेक अक्षर पलीकडच्या माणसाला नीट सांगितलं.

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. स्टँडपासून डोक्यावर गाठोडं घेऊन चालत आलेल्या. "भरली का माय बॅग? पोरांची काळजी बिलकुल करू नको."

"जायचं नाही, आत्याबाई. तुमची तब्येत बरी नाही म्हणे."

"माही? कोन म्हन्लं?"

तेवढ्यात आजोबांनी दारात सायकल लावली. सासूबाई जागच्या उठल्या नाहीत. "या मास्तर! सांगा बरं, मला काय झालंय?"

आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "आई, तसं नाही. साहेबांना काहीतरी कारण द्यावं लागतं."

"मंग सोताचं द्यायचं! माह्या आजारपणाच्या आड कामून लपला?"

मी विचारलं, "अहो, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"मग विहारात कशाला सांगितलंत?"

"तेव्हा पाठवायचंच होतं. घरी येताना सगळे म्हणायला लागले, बाई आता साहेबीण होणार, मास्तरला चहा करावा लागणार. चेष्टाच होती ती."

"आणि तेवढ्या चेष्टेवर तुम्ही सोमवारी साहेबांकडे गेलात."

बॅगेवर मुलं घोडा घोडा खेळत होती, त्यांना ते उगाच रागावले.

सासूबाईंना परत जा म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. "तीन हप्त्यासाठी आल्ते, तीन हप्ते राह्यन," असं सांगून त्या राहिल्या आणि लेकाशी एक शब्द बोलल्या नाहीत. टायपिस्ट शिकून आला आणि साहेबांशेजारी बसू लागला. त्याने लिहिलेलं इतिवृत्त माझ्याकडे टाइप करायला यायचं, त्यातलं इंग्रजी मी दुरुस्त करायची. पुण्याला जायची पाळी पुन्हा माझ्यावर आली नाही.

आजोबा वाईट नव्हते. तुम्ही पाहिलेत ते प्रेमळ आजोबा खरेच होते. बायकोला नोकरी करू दिली म्हणून लोक शेवटपर्यंत त्यांचं कौतुक करत, आणि मी समोर बसून ते ऐकत असे. मात्र त्या शनिवारनंतर ऑफिसातली कुठलीही गोष्ट मी घरी सांगितली नाही. संध्याकाळी चहा घेताना ते विचारत, "आज काय झालं ऑफिसात?" मी म्हणत असे, "काही नाही."