पावलं पुसायची होती

आमच्या चौघांच्या गटात एक नियम होता. डोंगरावर कुणीही, कुठेही ‘नाही’ म्हटलं की सगळ्यांनी तिथूनच मागे फिरायचं आणि कारण विचारायचं नाही. तेव्हा नाही, जेवताना नाही, परतीच्या गाडीत तर नाहीच. आठ हिवाळ्यांत काकू तीनदा ‘नाही’ म्हणाल्या, काका दोनदा, माझा ऑफिसातला सहकारी एकदा. मी एकदाही नाही. नागपूरला आमच्या घरी चौथी पोळी नको असली तरी ताट मागे ओढत नाहीत, वाढणारीला वाईट वाटेल म्हणून. भीड भिकेची बहीण हे आई आम्हाला उठताबसता ऐकवायची, आणि तीच आम्हाला भिडेत वाढवायची.

काका-काकू म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. दोघं डच, आइंडहोवनशेजारच्या बेस्ट नावाच्या गावातली. काका निवृत्त भूगोलाचे शिक्षक. ज्या देशात पुलाच्या चढावर सायकल दामटताना लोकांना धाप लागते, तिथल्या मुलांना त्यांनी तीस-पस्तीस वर्षं डोंगर शिकवले. इथे सत्तरीच्या माणसालाही नावाने हाक मारतात, अरे-तुरे करतात. तोंडाने मीही तेच करायची, पण मनात ते काका आणि त्या काकूच राहिले, आणि लिहितानाही हात तिकडेच वळतो.

त्यांच्याकडे मला नेलं ते माझ्या सहकाऱ्याने. मी फेल्डहोवनला चिपच्या यंत्रांच्या कंपनीत मोजमापाचं काम करते. तो पलीकडच्या टेबलावर बसायचा आणि रोज दुपारी तेच चीजचं सँडविच खायचा. त्याने एकदा विचारलं, ऑस्ट्रियाला येतेस का, आमच्यात एक जागा आहे. मला वाटलं, पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, तसलं काहीतरी असेल. तसं नव्हतं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून चार तास आपल्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्ट्या काढायच्या आणि जिथे कुणाचा पाय पडलेला नाही अशा भुसभुशीत बर्फातून अर्ध्या तासात खाली यायचं. आईला फोनवर हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “चार तास चढाचं अन् अर्ध्या तासात पडाचं. हाडं मोडली तं कोण पाहीन तुले?” माझ्या मुलीने मागून डचमध्ये आजीची बाजू घेतली. आजीला डच कळत नाही, पण आपली बाजू घेतलेली तिला कुठल्याही भाषेत कळते.

या लोकांच्या रीती मला पाठ करायला लागल्या नाहीत, इतक्या त्या आवडल्या. चढताना पाळीपाळीने एकाने पुढे राहून वाट फोडायची. गुडघाभर बर्फात ते काम कंबर मोडणारं. शेवटची वाट ज्याने फोडली, त्याला उतरताना पहिला मान, म्हणजे संपूर्ण कोऱ्या उतारावर पहिली रेघ त्याची. बाकीच्यांनी त्या रेघेला लागूनच आपली रेघ काढायची, मनाला येईल तसा सगळा उतार खरवडायचा नाही, कारण उद्या आणखी कुणी येईल आणि त्यालाही कोरा बर्फ मिळायला हवा. एका वेळी एकानेच उतरायचं. खाली पोचलेल्याने दोन्ही काठ्या वर केल्या की मगच दुसऱ्याने निघायचं, कारण वरच्याच्या वजनाने बर्फाचा कडा सुटला तर तो खालच्याच्या अंगावर जातो. आणि जो उतरतोय त्याच्यावर बाकी तिघांनी नजर ठेवायची. फोन नाही, गप्पा नाहीत.

आणि मग मजा. काका उतरताना ओरडायचे. एरवी हळू बोलणारा, चहात बिस्किट बुडवतानासुद्धा आवाज न करणारा माणूस, पण बर्फात गोठ्यातून सुटलेल्या वासरासारखा. खाली पोचलं की ते वळून वर बघायचे आणि पुढच्याची मजा स्वतःचीच असल्यासारखी बघत उभे राहायचे. मी पडले तर हसायचे, पण मी उठल्यानंतर. चौघंही खाली आल्याशिवाय माझा चिवड्याचा डबा उघडायचा नाही, हा नियम त्यांनीच माझ्या पहिल्या वर्षी करून टाकला. परदेशात इतक्या वर्षांत मला कुणी इतकं सहज आपलं म्हटलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, लॉजच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच मोजे वाळत घालून बसलो होतो. काका म्हणाले, “एक मागू का तुझ्याकडे?”

“मागा की.”

“मी डोंगरावर यायच्या लायकीचा राहिलो नाही की तू मला सांगायचंस. माझी बायको सांगणार नाही, तिचा माझ्यावर जीव आहे. तो दुसरा मला घाबरतो. तू मोजमाप करणारी आहेस. दिसेल तो आकडा सांगशील.”

मी हसून म्हटलं, सांगेन. ते हसले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि मग मोजे उलटायला लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही नेहमीप्रमाणे सरावाला समुद्रावर गेलो. हिमकडा अंगावर आला तर माणूस बर्फाखाली गाडला जातो. त्याला शोधायला छातीशी एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. इथे त्याला पीपर म्हणतात. गाडलेल्याचा पीपर संदेश सोडत राहतो, शोधणाऱ्याने आपला पीपर शोधावर लावायचा आणि पडद्यावरचा बाण आणि कमी होत जाणारा आकडा बघत चालायचं. डोंगर नसलेल्या देशात याचा सराव कुठे करणार? म्हणून आम्ही वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, रिकाम्या किनाऱ्यावर, पीपर घातलेली पिशवी पुरायचो. पुरणाऱ्याने सगळीकडे मुद्दाम तुडवून ठेवायचं आणि स्वतःची पावलं पुसायची, म्हणजे शोधणाऱ्याला फक्त यंत्राचाच आधार. सात मिनिटांत पिशवी सापडली नाही तर त्या हिवाळ्यात डोंगर नाही. नियम काकांनीच केलेला. माझा सहकारी एका वर्षी नापास झाला, तर तो खरंच घरी बसला आणि आम्हाला निरोप द्यायला पहाटे उठून आला.

त्या दिवशी आमच्या तिघांचं झालं होतं. काकांची पाळी राहिली होती आणि पुरायचं काम माझ्याकडे होतं. काकू आणि माझा सहकारी सूप आणायला गाडीकडे गेले होते. काका म्हणाले, त्यांची वाट कशाला बघायची, करून टाकू. मी पिशवी पुरली, व्यवस्थित तुडवलं, पावलं पुसली आणि घड्याळ लावलं.

काका चालायला लागले. समुद्राच्या दिशेने, सरळ. पिशवी मागे होती. मी वाट बघितली, आता वळतील, आता वळतील. ते पाण्यापर्यंत गेले आणि थांबले. मी जवळ गेले तर त्यांचा पीपर शोधावर लावलेलाच नव्हता. ही चूक करू नका म्हणून ते दर वर्षी आम्हाला दटावायचे. मी म्हटलं, “बटण.” त्यांनी पीपर उलटासुलटा केला, दुसऱ्याचा फोन हातात आल्यासारखा. मग मला म्हणाले, “हे काय करतं?”

सात मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. टेकडीवरून काकू आणि सहकारी थर्मास घेऊन उतरताना दिसले. काकांनीही ते पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. त्यात विनवणी नव्हती. ते माझी वाट बघत होते.

काकूंनी लांबूनच विचारलं, “झालं का?”

“नाही,” मी म्हटलं, “आता सुरू करतोय.”

आठ वर्षांत माझ्या तोंडून पहिल्यांदा ‘नाही’ आलं ते हे असं. मी काकांचा पीपर शोधावर लावून त्यांच्या हातात दिला. मग पिशवी दुसरीकडे पुरली, लाकडी खांबांच्या रांगेजवळ, वीतभरच खोल. आणि पावलं पुसली नाहीत. माझ्या बुटांची एक सरळ रांग त्या खांबांपर्यंत जात होती. काकांनी चार मिनिटांत पिशवी काढली. माझ्या सहकाऱ्याने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काकू सूप ओतत राहिल्या.

मी स्वतःला काय काय सांगितलं म्हणता. वय आहे, होतं एखाद्या दिवशी. थंडी होती. एकच हिवाळा जाऊ दे, परत आल्यावर बोलू. माझ्या मुलीने परीक्षेत अशी बनवाबनवी केली असती तर मी तिला दोन ठेवून दिल्या असत्या.

जानेवारीत आम्ही गेलो. तिसऱ्या दिवशी वरपर्यंत काकूंनी वाट फोडली होती, म्हणून पहिला मान त्यांचा. त्या निघाल्या. सुंदर उतरत होत्या. अर्ध्यावर पोचल्या असतील, काठ्या वर व्हायला अजून वेळ होता, तेवढ्यात काका माझ्या शेजारून निघाले. मी हात लांबवला असता तर बाही हातात आली असती. ते ओरडत, मजेत, काकूंच्या बरोबर वरून आडवे गेले. त्यांच्या स्कीखाली बर्फाला एक भेग गेली, हातभर, दोन हात, आणि काकूंच्या डोक्यावर तो सगळा उतार. माझ्या सहकाऱ्याने मराठीत जिला शिवी म्हणतील ती डचमध्ये घातली. भेग थांबली. का थांबली ते मला माहीत नाही. त्यात आमचं काहीच कर्तृत्व नव्हतं.

खाली काकू गॉगल पुसत उभ्या होत्या. काकांनी वर वळून त्या दोन रेघा आणि ती भेग बघितली, बराच वेळ. चिवड्याचा डबा कुणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला काका बूट न घालताच आले आणि म्हणाले, “नाही.” आम्ही सामान बांधलं. नियम होता, म्हणून कुणी काही विचारलं नाही. दहा तासांच्या प्रवासात कुणी विचारलं नाही. इतका चांगला नियम, कित्येकदा आमचे जीव वाचवणारा, पण त्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या आड लपून बसलो.

जर्मनीत एका पेट्रोल पंपावर काका आणि मी पाय मोकळे करत होतो. ते म्हणाले, “त्या दिवशी समुद्रावर तू पावलं पुसली नव्हतीस.”

अजून वेळ होता. तिथे, कॉफीच्या यंत्रासमोर, मी खरं बोलू शकले असते. मी म्हटलं, “वारा होता ना. वाटलं, आपोआप पुसली जातील.”

त्यांनी मान हलवली. “हो,” ते म्हणाले, “वारा होता.” मग त्यांनी माझ्या कपाचं झाकण नीट बसवून दिलं.

ते भानावर असताना आमच्यात झालेलं ते शेवटचं बोलणं. वसंतात हाऊसआर्ट्सने, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरने, तपासण्यांना पाठवलं आणि आजाराला नाव मिळालं. आता ते गावातच एका संस्थेत राहतात. मी महिन्यातून एकदा जाते. सायकलवर आलीस का, असं ते अगत्याने विचारतात, थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. मी कोण, हे विचारत नाहीत, तेवढी सभ्यता अजून शाबूत आहे. एकदा मी सगळं कबूल करून टाकलं, किनारा, पिशवी, पावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बिचारा. मग सापडला का तो?” मी त्यानंतर पुन्हा प्रयत्न केला नाही. माफी द्यायला जो माणूस लागतो तो आता तिथे नाही, आणि येणारही नाही.

गेल्या रविवारी तिथून मी काकूंकडे गेले. त्यांनी सफरचंदाचा केक केला होता. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. केक कापता कापता त्या सहज बोलाव्यात तसं म्हणाल्या, “त्याने तुला सांगून ठेवलं होतं ना, लायकीचा राहिलो नाही की सांग म्हणून? मला माहीत होतं. त्या दिवशी समुद्रावर सूप आणायला मी मुद्दाम वेळ लावला. घरात तो विसरायचा ते मी रोज बघत होते, पण माझ्याने बोलवत नव्हतं. म्हटलं, तू बघशील, तू सांगशील.”

मी बशी हातात घेऊन उभी होते.

“तू काही बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं, मीच उगीच घाबरतेय. डोंगरावर तो ठीकच असणार. म्हणून त्या दिवशी मी त्याला मागे ठेवून उतरले.” त्यांनी माझ्या बशीत मोठा तुकडा ठेवला आणि माझ्या दंडावर हात ठेवला. “आता मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यासारख्या बारीक नजरेच्या मुलीलाही काही दिसलं नाही. मग आपण कुणीच काही करू शकलो नसतो, हो ना?”

मी हो म्हटलं.