अक्काचं बेट

अक्का गेल्याचा फोन तिच्या दिराचा, माणिकरावांचा आला. "वैनी गेली," एवढंच म्हणाले. मी हिंगोलीहून तिच्या गावी, हट्ट्याला पोचले, तेव्हा तिरडीसाठी धुऱ्यावरच्या बेटातून ते स्वतः बांबू तोडून आणत होते. याच बेटापायी या माणसानं एके काळी माझ्या बहिणीवर कोयता उगारला होता.

बेट म्हणजे बांबूचं. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर वाढलेलं. भावोजी वारल्यावर माणिकरावांनी ते आपलं म्हणून तोडायला माणसं आणली, तर अक्का जाऊन बेटात बसली. काट्यामुंग्यांत, दिवसभर. माणिकरावांनी कोयता उगारला, तर आधी मला तोडा म्हणाली. माणसं निघून गेली. आता जिंकल्यावर बाईनं कुंपण घालावं की नाही? छे. तिनंच दिराला निरोप धाडला, ज्याला लागेल त्यानं तोडावं, विचारायचं काम नाही. मला तर तिचा भयंकर राग आला होता. एवढं भांडून मिळवायचं आणि वाटून टाकायचं, हा कुठला शहाणपणा...

तिचा एकुलता एक बालाजी मालवाहू जहाजावर फिटर. मागं तो सुट्टीवर आला असताना टीव्हीवर बातमी लागली, बेटावरून दोन देशांच्या युद्धनौका समोरासमोर. भाकर थापता थापता अक्कानं विचारलं, एवढाले देश बांबूपायी भांडून राहिले का? आमची हसून पुरेवाट. बालाजीनं समजावलं, हे बेट म्हणजे समुद्रातली जमीन. तिथं काय पिकतं, तिचा पुढचा सवाल. काही नाही, नुसता खडक.

"मंग आमीच बरे," अक्का म्हणाली. "आमच्या बेटात बांबू तरी हाय."

हसू तिथंच विरलं, कारण बालाजी बोलून गेला की त्याचं जहाज त्याच पाण्यातून जातं. एक युद्धनौका रेडिओवर दरडावते, हे पाणी आमचं. दुसरीही तेच म्हणते. यांनी धान्य भरून मधून निघायचं. झालं, सगळे सोयरे-पाहुणे अक्कावर तुटून पडले. पोराला पाठवू नको, काहून जीव धोक्यात घालतीस. माणिकराव तर हेच सांगायला रोज यायचे. टीव्हीवरचे शूरवीर मात्र खुर्चीत बसून बेटं जिंकत होते. त्यांच्या घरचं कुणी त्या पाण्यात नव्हतं. मला अजून संताप येतो.

शेवटी बालाजीनं आईवरच सोडलं, तू नको म्हणालीस तर जात नाही. अक्का म्हणाली, "भेव मला बी वाटतंय, लेकरा. पर भेवापायी रस्ता सोडला, की उद्या अंगण सोड म्हंतील. तू भांडाया न्हाई, धान्य घेऊन चाललास. जा."

तो गेला. अक्का गेली तेव्हाही तो समुद्रातच होता. अग्नी माणिकरावांनी दिला. बालाजी तेराव्याला पोचला, आणि पाहुण्यांनी पुन्हा तेच सुरू केलं, आता तर आईही नाही, कशाला जातोस. तो कुणाशी वाद न घालता महिन्याभरात जहाजावर परत गेला.

परवा त्याचा मला फोन आला. "मावशी, आज त्या बेटाजवळून जायचंय. पयले आईला सांगायचो." मग म्हणाला, जहाज पार होईपर्यंत आई जेवायची नाही. मला हे ठाऊकच नव्हतं. उतर तिथंच आणि घरी ये, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"मी तर जेवणार," मी म्हणाले. "त्या बोटीवाल्यांच्या धाकानं मी काहून उपाशी राहू? समुद्र काय त्यांच्या बापाचा हाय? जा तू."

फोन ठेवला आणि ताट वाढून घेतलं. डोळ्यांचं पाणी भाजीत पडत होतं. तरी मी ते सगळं ताट संपवलं.