वहीतला धक्का

कोयनानगरला आमच्या शेजारच्या काकू नव्यानंच क्रोशा शिकल्या होत्या, पण पुस्तकातली नक्षी त्यांना नको असायची. खिडकीतून धुकं आत यायचं आणि त्या पुटपुटत टाके घालायच्या, "सहा साखळ्या, तीन खांब..." मग सुई थांबवून ते वहीत लिहायच्या.

एकदा जमीन हलली, भांडी किणकिणली. मी दाराकडे धावले. त्या जागच्या उठल्याही नाहीत. रुमालात एक खांब जास्त पडला होता.

"काकू, उसवा की."

"ऱ्हाऊ दे गं. हितं बसून इणायचं तर ह्यो बी येनारच की."

त्यांनी वहीत लिहिलं : इथं धक्का, एक खांब जास्त.

आता सांगलीत मी त्यांनी दिलेल्या वहीवरून विणते. त्या ओळीपाशी सुई थांबते, आणि मी जमीन हलायची वाट बघत बसते.