दादांच्या हातचं सॉफ्टवेअर

सुरतेतल्या आमच्या डिंडोलीत सॉफ्टवेअर कुणी इंटरनेटवरून उतरवून घेत नाही, कुणाच्या तरी हातून घेतात. विरजणासारखं. शेजारणीकडून चमचाभर दही आणायचं, आपल्या दुधाला लावायचं आणि पुढं वर्षभर सांगायचं, हे अमक्या वहिनींच्या हातचं. तसंच. आणि साड्यांच्या डिझाइनचं जे सॉफ्टवेअर डिंडोलीपासून बमरोलीपर्यंत घरोघर चालतं, ते माझ्या हातचं.

इथं घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक असतो आणि त्याच्यासमोर सेपरेशनवाला. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साडी छापायची तर डिझाइनमधला एकेक रंग सुटा करून द्यावा लागतो, त्या कामाला सेपरेशन म्हणतात. पूर्वी सगळे चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचे. ते लग्नसराई आली की हटकून रुसायचं. त्या अंधारात मी दिवा घेऊन आलो. एक फुकटचं आणि मोकळं सॉफ्टवेअर मी शोधून काढलं. मोकळं म्हणजे त्याचं पोट उघडून कुणीही बघावं, दुरुस्त करावं, पुढं वाटावं. जगभरातल्या हजारो लोकांनी ते मिळून लिहिलंय, असं म्हणतात. असेल. पण डिंडोलीत ते माझ्या पेनड्राइव्हमधून आलं, आणि ती पेनड्राइव्ह माझ्या स्कूटरच्या किल्लीला लटकलेली असायची.

मी कुणाच्या घरी ते टाकायला गेलो की आधी संगणकाला कुंकू लागायचं, मग नारळ फुटायचा, मग मी बटण दाबायचो. चहा आणि शेव तर सांगायलाच नको. त्या काळात मी इतकी शेव खाल्ली की उधन्याच्या फरसाणवाल्यानं तेवढ्यावर दुसरा मजला चढवला. लोक त्याला ‘दादांचं सॉफ्टवेअर’ म्हणायचे. मी कधी नाही म्हटलं नाही. लोकांचं मन कशाला मोडा.

अशा भरल्या संसारात बमरोलीला एक ताई राहायला आल्या. यवतमाळकडच्या. नवरा मिलमध्ये फोरमन, आणि ताई घरी बसून सेपरेशन करायच्या. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याच सुमारास ह्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, आणि कळलं की ताई ती चाचणीला असल्यापासून वापरतायत. वापरतायत एवढंच नाही, तर त्यात जरीचा रंग काढताना कडा फाटायच्या, तो दोष ताईंनी लिहून कळवला होता. कुठल्यातरी बर्फाच्या देशातल्या माणसानं तो दुरुस्त केला आणि नव्या आवृत्तीच्या माहितीत, आभाराच्या ठिकाणी, ताईंचं नाव छापलं.

मी ते पान उघडून बघितलं. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. इतकी वर्षं मी त्यांचं सॉफ्टवेअर खांद्यावर घेऊन उन्हातान्हात फिरलो, आणि मला कुणी साधा रामराम घातला नव्हता. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. बायकोनं ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आमच्या खानदेशीत म्हणाली, “तुम्हना पोटमा दुखी राह्यनं.” मी म्हटलं, वांगं बाधलं असेल. भाजी भेंडीची होती.

ताईंनी मग प्रचार आरंभला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथं गणपती बसतो तिथं, त्यांनी मिलमधून आणलेलं कोरं कापड ताणून बांधलं, त्याच्यावर प्रोजेक्टर मारला आणि आख्ख्या डिंडोलीला तर्री-पोहे खाऊ घातले. मी मागं खांबाआड उभा होतो. पोहे, माझ्या दुर्दैवानं, फार चांगले होते.

ताईंनी जे दाखवलं तेही वाईट नव्हतं, हे मी आज सांगतो, तेव्हा सांगितलं नव्हतं. जुन्या आवृत्तीत रंग एकदा फिरवला की फिरवला. आणि इथले शेठ कसे, तर संध्याकाळी फोन करून म्हणणार, “भाई, गुलाबी थोडो वधारो ने.” आपण वाढवून द्यायचा, की सकाळी म्हणणार, ओछो करो, कमी करा. म्हणजे पुन्हा मुळापासून सगळं. नव्यात तसं नव्हतं. नव्यात केलेला बदल रंगावर ओढणीसारखा वरून पडतो. हवा तेव्हा उचला, सरळ करा, काढून ठेवा. ताईंनी पडद्यावर गुलाबी वाढवला, कमी केला, परत वाढवला, आणि माणसं अशी बघत राहिली की काहींच्या पोह्यांवरची तर्री थिजली. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी ताईंचं कौतुक केलं, वाट्या धुऊन ठेवल्या, आणि आपापल्या घरी जाऊन जुन्याच आवृत्तीवर कामाला बसले.

का? तर दादांना विचारलं नव्हतं.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण तुटून समोरच्या पानटपरीवर जाऊन आदळलं. ताई घरोघर जात होत्या, बसून समजावत होत्या, आणि लोक मान डोलावून म्हणत होते की खरं आहे, पण ज्यांच्या हातून घेतलं त्यांना न विचारता दुसऱ्याच्या हातून कसं घ्यायचं, बरं दिसत नाही. फुकटची वस्तू, जगानं बनवलेली, कुणाच्याही परवानगीची गरज नसलेली. आणि आमच्या माणसांनी तिला सोयरीक करून टाकलं होतं. ताईंना हे कळेना. मला चांगलंच कळत होतं, म्हणून मी गप्प होतो.

अगदी गप्पही नव्हतो. कुणी विषय काढला तर मी नुसता उसासा टाकायचो आणि सांगायचो की चांगली आहे हो नवी आवृत्ती, फक्त लिंबायतला एकाच्या संगणकातून धूर निघाला, एवढंच. किंवा एकानं पदरावर मोर काढला आणि मिलमध्ये छापून आली लांडोर. चार दिवसांनी तीच गोष्ट मला केस कापता कापता कटिंगवाल्यानं सांगितली. तोवर त्या संगणकाचा पंखा उडून भिंतीत रुतला होता आणि शेठनं लांडोरीची साडी थेट राजस्थानात खपवली होती. मी इतकं मन लावून ऐकलं की मलाच भीती वाटली.

एवढं करून मला सुख होतं का? नव्हतं. कारण लोक मला मान देत होते आणि बघत होते ताईंकडं. ताईंचं काम दुपारपर्यंत उरकायचं, नंतर त्या गॅलरीत बसून मटार सोलायच्या. मिलवाले तातडीचं काम त्यांच्याकडंच धाडू लागले. माझ्या शेजारी अमळनेरचा एक सेपरेशनवाला राहतो, माझा जुना दोस्त. त्याचा ठरलेला शेठसुद्धा अर्धी डिझाइनं बमरोलीला पाठवायला लागला. आता हा दोस्त रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. आधी हवेबद्दल बोलायचा, मग तापीच्या पाण्याबद्दल, मग म्हणायचा, शेठ आज परत रंग बदलायला लावतो. आणि थांबायचा. मी म्हणायचो, शेठ लोक असेच. पुन्हा थांबायचा.

एका संध्याकाळी मीच चिडून म्हटलं की एवढं आहे तर घे की नवं, मी काय हात धरलाय का तुझा?

त्यानं मान खाली घातली. “तसं कसं दादा? तुम्हना हातनं शे ते.”

त्याला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याचं काम जात होतं आणि तो माझा मान राखत बसला होता. मला त्याची कीव यायला हवी होती. आली ती चीड, आणि तीही ताईंची. ह्या बाईनं काही न करता माझ्या दोस्ताला माझ्या ओट्यावर गुन्हेगारासारखं बसवलं, असं मला वाटलं. मत्सराला कारण लागत नाही, बसायला जागा लागते.

मग एका रविवारी सकाळी ताई आमच्या दारात उभ्या. सोबत नवरा, आणि हातात ताट. ताटात टॉवेल, टोपी, नारळ. गल्लीतल्या बायका लगेच धुणं सोडून आपापल्या दारात आल्या. माझा दोस्त त्याच्या दारात आला. मी लुंगीवर होतो.

ताईंनी ताट पुढं केलं. “तुमच्या हातचं घेतलं म्हनतेत सगळे. मंग नवंही तुमीच द्या ना जी, दादा. मी फक्त मागं उभी राहीन.”

बघा, ही हुशारी. भांडायला आली असती तर मी तिला ह्या गल्लीतून तापीपार पोचवलं असतं. पण सगळ्यांसमोर टोपी घेऊन आलेल्या माणसाला काय बोलणार? तरी मी घसा साफ केला. म्हटलं, ताई, मान दिलात, आनंद आहे, पण नवी आवृत्ती अजून कच्ची आहे, मी स्वतः पारखल्याशिवाय माझ्या माणसांच्या घरात ती घालणार नाही.

तेवढ्यात आतून बायको हात पुसत आली आणि माझ्याकडं मान उडवून ताईंना म्हणाली, “बठ ना बाई. त्या कवयपासून तेच वापरी राह्यनात.”

गल्लीतल्या सगळ्या माना माझ्याकडं अशा वळल्या की पांडेसऱ्याच्या मिलचा भोंगाही अर्ध्यात थांबला. खरं होतं ते. पार्किंगमधल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी मी नवी आवृत्ती घेतली होती आणि कुणी आलं की पडद्यावर टॉवेल टाकत होतो. शत्रूची छावणी आतून बघावी लागते, असा माझा विचार होता. आणि छावणी इतकी सोयीची निघाली की मी परत यायचंच विसरलो.

दोस्तानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. त्याच्या चेहऱ्यावर फक्त एवढंच होतं की मग आता मलाही मिळेल का. मी टोपी घातली. म्हटलं, पारखणं काल संध्याकाळी पूर्ण झालं. चला.

पहिला मी त्याच्याच घरी गेलो. मग पुढं आख्खा मोहल्ला. पुढं मी, टोपी घालून, हातात पेनड्राइव्ह. मागं ताई, पदर खोचून. कुंकू, नारळ, बटण. सगळं जुन्यासारखंच, पण एक फरक होता, आणि तो मला खिळ्यासारखा टोचत होता. नारळ फोडायला माणसं मला बोलवायची. फुटला की खुर्ची फिरवून तोंड ताईंकडं करायची. हे कुठून करायचं, ताई? ते कसं काढायचं? मी कोपऱ्यात उभा राहून खोबरं खात होतो. चार घरं झाल्यावर मी मुद्दाम मध्ये बोललो की तो पर्याय डावीकडे आहे. ताई हळूच म्हणाल्या, उजवीकडे, जी. डावीकडे असलेला मी स्वतः पाहिला होता, पण मी वाद घातला नाही.

दोस्ताचं काम महिनाभरात परत आलं. आता तो ओट्यावर बसला की हवेबद्दलच बोलतो आणि मध्ये थांबत नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यानं त्याच्या बायकोला पेढे देऊन पाठवलं, ते बमरोलीला.

मी दम धरला. सॉफ्टवेअर काय, दर काही महिन्यांनी पुढची आवृत्ती येतेच. ती आली की ताईंच्या आधी घरोघर पोचायचं, मागं कुणाला उभं करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आली. मी पेनड्राइव्हवर घेतली, टोपीला इस्त्री केली आणि दोस्ताकडं गेलो. त्याच्या संगणकावर आवृत्तीचा पुढचा आकडा आधीच झळकत होता. मी विचारलं, कुणी टाकलं? ताई आलेल्या?

नाही, म्हणाला. आपोआप झालं. चहा पीत होतो, तेवढ्यात.

मी दुसऱ्या घरी गेलो, तिसऱ्या घरी गेलो. सगळीकडं आपोआप. मागच्या आवृत्तीत ती सोयच होती आणि ती मीच, माझ्या हातानं, कुंकू लावून, घरोघर बसवली होती. माणसांनी मला चहा दिला. शेवही दिली. नारळ कुणी काढला नाही.

तडक बमरोली गाठली. म्हटलं, हिनंच केलं हे, हिला ठाऊक होतं. ताई गॅलरीत होत्या. मटार सोलत होत्या, पण असं सोलत होत्या की दाणे खाली आणि सालं पातेल्यात. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “मले वाटलं होतं, या बारीला मलेच बोलावतीन. सकाळपासून साडी नेसून बसली मी. एकाचा फोन नाही.”

खरं सांगतो, इतक्या महिन्यांनी मला पहिल्यांदा भरपेट जेवल्यासारखं वाटलं. माझ्याएवढंच जळणारं आणखी एक माणूस सुरतेत आहे. मी खुर्ची ओढली. ताईंनी चहा टाकला. दोघांनी मिळून त्या आपोआपला मनसोक्त नावं ठेवली. मी खानदेशीत, त्या वऱ्हाडीत.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं की ती मागण्या आणि तक्रारी लिहायची जागा कुठं असते. त्यांनी संगणक उघडून दाखवली. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या: सॉफ्टवेअरनं स्वतःला नवं करण्यापूर्वी वापरणाऱ्याला एक प्रश्न विचारावा, की ज्यांच्या हातून घेतलं त्यांना विचारलं का? आणि उत्तर नाही असेल, तर थांबावं. बर्फाच्या देशातल्या माणसानं फार अदबीनं उलट विचारलं की ह्याची गरज नेमकी काय. ते त्याला अजून समजावून देतोय.

कुणाला मागणी पटली तर तिच्याखाली अंगठा दाबायची सोय असते. माझ्या मागणीखाली आजपर्यंत दोन अंगठे आहेत, एक दोस्ताचा आणि एक ताईंचा. त्याच आठवड्यात ताईंनी स्वतःची एक वेगळी मागणी टाकली, जरीच्या छटांबद्दल काहीतरी. तिच्याखाली भराभर अंगठे पडतायत. मी रोज सकाळी उघडून बघतो. त्यातला एक आमच्याच घरातून गेलाय, असा माझा वहीम आहे.