फक्त प्रार्थनेसाठी सांगते

माझी जीभ तिखट आहे हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय आणि मी ते कधीच मनावर घेतलं नाही. तिखट बोलून मी कुणाचं वाईट केलं नाही. केलं ते गोड बोलून, डोळे मिटून, हात जोडून.

ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही मस्कतजवळ अल अमेरातला राहायचो. खालच्या मजल्यावर कोकणातली एक बाई होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शाळेत जाणाऱ्या एका मुलीची आई. नवरा सोहारला कारखान्यात होता. गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा, शनिवारी परत जायचा. एकदा ती भाजणीचा डबा द्यायला वर आली आणि ओट्याला टेकून रडायलाच लागली. नवरा सलग चार गुरुवार आला नव्हता. फोनवरही धड बोलत नव्हता.

"ताई, आईलासुद्धा सांगितलं नाहीये. तुम्हालाच सांगतेय," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, चहा करून दिला. ते मनापासून होतं, एवढं मी आजही छातीठोकपणे सांगते.

शुक्रवारी मी मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या चर्चमध्ये गेले. आमच्या मराठी मंडळीला तिथली एक खोली दीड तास मिळायची. बाहेर पुढची तमिळ मंडळी ताटकळत असायची. उपासना झाली की प्रत्येकाने प्रार्थनेचे विषय सांगायचे. कुणाचा व्हिसा, कुणाची शुगर, कुणाच्या पोराची दहावी. पण आम्हाला खरी तरतरी यायची ती दुसऱ्याच्या घरातला विषय निघाला की. त्याची सुरुवात ठरलेली असायची: "मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही, फक्त प्रार्थनेसाठी सांगते."

त्या दिवशी माझ्याकडे स्वतःचा काहीच विषय नव्हता. मी तेच वाक्य म्हटलं आणि तिचं सगळं सांगून टाकलं. चार गुरुवार सांगितले, फोन सांगितला. "तिकडे कुणीतरी असावी," हे तर ती बोललीही नव्हती, ते मी पदरचं घातलं. बायका हळहळल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला फार बरं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी मुलांच्या शाळेच्या गेटवर आमच्या मंडळीतल्या एका मावशींना ती दिसली. माझ्याकडे येता-जाता त्यांनी तिला पाहिलं होतं. मावशींनी तिचा हात हातात घेतला. "धीर सोडू नकोस हं. आम्ही सगळे तुझ्या मिस्टरांसाठी प्रार्थना करतोय. त्या बाईच्या तावडीतून सुटतील ते."

ती तडक माझ्या दारात आली. आवाजसुद्धा चढवला नाही.

"कुठली बाई, ताई?"

मी तिला आत ये म्हटलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"चहाडी केली असतीत तर मी भांडले तरी असते," ती म्हणाली. "तुम्ही देवापुढे सांगितलंत. आता भांडू कुणाशी?"

पुढच्या शुक्रवारी मी खोलीत उभी राहिले. म्हटलं, "मागे मी शेजारणीचा विषय सांगितला. तिची दया आली म्हणून नाही सांगितला. तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून सांगितला. आणि त्यातली ती दुसरी बाई माझ्या मनातली आहे, सोहारची नाही."

प्रार्थना चालवणारे काका घाईने म्हणाले, "ताई, असं बोलू नये. तुमचा हेतू शुद्ध होता. प्रभू अंतःकरण बघतो."

"नव्हता शुद्ध. तेच तर सांगतेय. त्याने बघितलंय, आता तुम्हीही बघा."

"बरं, मग आपण याच विषयावर प्रार्थना करू."

"नाही करायची. तिच्या घराचा विषय या खोलीत पुन्हा निघाला तर मी उठून जाईन."

मागून एक काकू पुटपुटल्या, "प्रार्थना नको म्हणणारी ख्रिस्ती बाई आयुष्यात पहिल्यांदा पाहिली."

"नीट पाहून घ्या," मी म्हटलं आणि खाली बसले.

गर्विष्ठ म्हणून माझं नाव झालं. कितीतरी महिने मला उपासनेत बायबलमधलं वचन वाचायला कुणी बोलावलं नाही. मला त्याचं काडीचंही दुःख नाही. जे पोटात होतं ते एकदा ओठावर आलं, आणि मी ते कुणालाही धुऊनपुसून टाकू द्यायला तयार नव्हते. आजही नाही.

खाली जाऊन मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली. त्यानंतर जिन्यात भेटली की ती हसायची, "बऱ्या आहात ना?" विचारायची आणि उत्तर येईपर्यंत दोन पायऱ्या उतरलेली असायची. नवऱ्याची गाडी पुन्हा गुरुवारी खाली दिसायला लागली. मध्ये काय झालं होतं ते मी विचारलं नाही.

मावशींनी मात्र विचारलंच एकदा, चर्चच्या आवारात मला बाजूला घेऊन. "काय झालं हो त्या मुलीच्या घरचं पुढे?"

"माहीत असतं तरी सांगितलं नसतं," मी फटकन म्हणाले.

पण मला खरंच माहीत नव्हतं. ती मला आता काही सांगत नव्हती.