एकसष्ट सालची टाळी

नेपरव्हिलच्या मराठी मंडळात शैलजा देवस्थळींना रांगोळी दाखवायला बायका घाबरतात. वर्तुळ कुठे चेपलंय ते काकू लांबूनच सांगतात, आणि वैताग असा की ते खरंच चेपलेलं असतं. सांगलीला इंजिनिअरिंगच्या वर्गात दोनच मुली होत्या, त्यातल्या त्या एक. इथे आल्यावर गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मोजमाप विभागात काढली. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकावरून ट्रकभर माल परत पाठवला, वर साहेबालाच चार शब्द सुनावले. कशाने मोजलं ते लिहिल्याशिवाय माप म्हणजे नुसत्या गप्पा, हे त्यांचं ठाम मत. मापाच्या बाबतीत बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांनी बेसमेंटमध्ये एक स्कॅनर आणून ठेवला आणि जुन्या घरगुती फिल्मची रिळं कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागल्या. लायब्ररीच्या बोर्डावर चिठ्ठी लावली. लोक रिळं घेऊन यायचे. कुणाचा पहिला वाढदिवस, कुणाचं बर्फातलं पिता-पुत्र फोटोसेशन, पहिल्या गाडीला टेकून बेलबॉटममध्ये उभे असलेले आपले मराठी नवरे. परत देताना प्रत्येक डब्यावर काकूंचं लेबल असायचं: साल, लांबी, वेग, आणि कशाने मोजलं. लेबलाशिवाय डबा घराबाहेर पडत नसे.

यंदा मार्चमध्ये अर्नेस्टीन प्रुइट आल्या. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर जांभळी हॅट, पाठ ताठ. शेजारच्या ऑरोरामधल्या माउंट नेबो या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वडीलधाऱ्या मानाच्या बायकांना मदर म्हणतात, तशा या मदर प्रुइट. त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात एकच रीळ होतं. एकसष्ट साली चर्चला स्वतःचं छप्पर मिळालं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने चावी भरून चालवायच्या कॅमेऱ्याने ते घेतलं होतं. चार मिनिटांचं, आवाज नसलेलं.

“यात माझी आई गातेय,” मदर म्हणाल्या. “फोटो पुष्कळ आहेत. हलताना ती फक्त इथेच आहे. ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चचा वर्धापन दिन आहे. तेव्हा सगळ्यांना दाखवायचंय.”

काकूंनी रीळ उतरवलं. पडद्यावर पांढऱ्या कपड्यातली एक रुंद बाई टाळ्या वाजवत गात होती. मग ती बाकांमधून बाहेर आली आणि डोळे मिटून देवापुढे नाचायला लागली. हात वर, पाय जमिनीवर आपटत, तुरुतुरु, भराभर. काकूंनी नवऱ्याला हाक मारली.

“अगं, ही तर एक्स्प्रेस आहे!” अरुणराव म्हणाले, आणि दोघंही हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण काकूंनी पुढे ती कधी विसरू दिली नाही. स्वतःलाही नाही.

वर्धापन दिनाआधीच्या बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये फिल्म लावून बघितली. मागच्या रांगेतली पोरं आधी फिसकन हसली. मग त्यांच्या आया तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मदरच्या आई, लुएलाबाई, पडद्यावर किल्लीच्या बाहुलीसारख्या टुणटुण उडत होत्या.

“बंद करा,” मदर प्रुइट म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी काकूंनी झटकन फिल्म थांबवली. “माझी आई आठवडाभर दुसऱ्यांची धुणी धुवायची आणि उभ्यानं जेवायची. रविवारी ती देवासमोर ताठ उभी राहायची. ती विनोदी नव्हती. ती अशी दिसणार असेल, तर मला हे कुणालाच दाखवायचं नाही. आजही नाही आणि मी गेल्यावरही नाही.”

त्यांनी रिळाचा डबा पर्समध्ये टाकला आणि निघून गेल्या.

काकूंना घर कधी आलं ते कळलं नाही. त्या सरळ बेसमेंटमध्ये गेल्या आणि मशीन तपासलं. स्कॅनर सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस चित्रं, देत होता; कॅमेऱ्याने त्याहून कमी घेतली असतील तर माणसं पळणारच. तो पहिल्यापासून तेवढ्याच देत होता, आणि लेबलांवर वेग म्हणून आपण तोच आकडा उतरवत होतो. वाढदिवस जरा भरभर पळाले म्हणून कुणी तक्रार केली नव्हती, आणि आपणही कधी तपासलं नाही! जन्मभर लोकांच्या चुका पकडणाऱ्या बाईला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

“सोळावर टाक ना. जुने कॅमेरे सोळाचेच असतात,” अरुणराव म्हणाले. “प्रॉब्लेम सॉल्व्ह.”

“कशावरून सोळा? चावीचा कॅमेरा आहे तो, अरुण. कुणाचा पंधरा, कुणाचा अठरा. स्प्रिंग थकली की वेग आणखी पडतो. त्या बाईच्या आईला मी अंदाजाने चालवू? मला रेफरन्स हवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन त्या ऑरोराला मदरच्या दारात उभ्या राहिल्या.

“चूक माझी आहे,” काकू म्हणाल्या. “वेग मी तपासला नाही. आणि मदर, घरी पहिल्यांदा बघताना मीही हसले होते.”

“हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं, मिस शैलजा,” मदर म्हणाल्या आणि दार पूर्ण उघडलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकूंनी एकेक फ्रेम पुढे नेत लुएलाबाईंचे ओठ दाखवले. “गाणं ओळखता येईल?”

मदरना तिसऱ्याच शब्दाला कळलं. ते गाणं कुठल्या पुस्तकात नव्हतं. लुएलाबाईंनी ते मिसिसिपीहून येताना सोबत आणलं होतं. मदरनी डोळे मिटले, टाळी धरली आणि गायला सुरुवात केली. थकलेल्या पायांना प्रभूच्या दारापर्यंत चला म्हणणारं गाणं. आवाज म्हातारा होता, पण टाळी तसूभर हलत नव्हती. काकूंनी घड्याळ लावलं. मिनिटाला नव्वद. फिल्ममध्ये एका टाळीपासून दुसऱ्या टाळीपर्यंत अकरा फ्रेम होत्या. हिशेब सोपा होता: सेकंदाला साडेसोळा.

एक अडचण मात्र होती. शेवटच्या मिनिटात फिल्ममधल्या टाळ्या नऊ फ्रेमवर आल्या होत्या. काकूंनी मनाशी ठरवलं, इथे स्प्रिंग उतरली, कॅमेरा मंदावला, हा भाग आणखी हळू करावा लागणार. त्या तसं बोलणार, तेवढ्यात गाण्याचं पाचवं कडवं आलं आणि डोळे मिटलेल्या मदरची टाळी आपोआप चढली. काकूंनी पुन्हा मोजलं. मिनिटाला एकशे दहा. साडेसोळाच्या वेगाला बरोब्बर नऊ फ्रेम.

स्प्रिंग मुळीच उतरली नव्हती. तिथे लुएलाबाईच चढल्या होत्या.

“तिथे तिच्यात पवित्र आत्मा यायचा,” मदर डोळे उघडून म्हणाल्या. “मग कोण थांबणार?”

साठाहून अधिक वर्षं झाली, बाई चौऱ्याऐंशीची, आणि एका फ्रेमचा फरक नाही! अशी अचूकता काकूंनी लाखो डॉलरच्या यंत्रातसुद्धा क्वचित पाहिली होती. त्यांनी वेग बदलला आणि फिल्म लावली. लुएलाबाईंच्या अंगात वजन आलं. पाय जमिनीवर पूर्ण टेकायला लागला, हात आभाळाकडे सावकाश गेला. मदर पुन्हा गायल्या, आणि आईच्या ओठांवर लेकीचा आवाज नेमका बसला.

“ही,” मदर म्हणाल्या. “ही माझी आई.”

रविवारी माउंट नेबो खच्चून भरलं होतं. फिल्मला मुळात नसलेला आवाज जोडायला काकूंनी साफ नकार दिला होता. मदर प्रुइट पडद्याशेजारी उभ्या राहून गायल्या, आणि लुएलाबाईंबरोबर सगळ्या चर्चने टाळी धरली. कुणी हसलं नाही. पाचव्या कडव्याला टाळी चढली तशी बुधवारी हसलेली पोरंच आधी उठून उभी राहिली, मागोमाग सगळा हॉल. आरतीत ज्यांची टाळी कधी जागेवर पडत नाही ते अरुणरावही ओल्या डोळ्यांनी ताल धरून होते. काकूंना त्या मायलेकींचा अभिमान वाटत होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा स्वतःचाही.

नंतर त्यांनी नवं लेबल लावायला मागून घेतलेला रिळाचा डबा मदरच्या हातात दिला. लेबलावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: साल एकोणीसशे एकसष्ट. वेग साडेसोळा फ्रेम. कशाने मोजलं: अर्नेस्टीन प्रुइट यांची टाळी. चूक शून्य.

मदरनी चष्मा लावून लेबल दोनदा वाचलं.

“मी बरोबर आहे असं,” त्या डबा छातीशी धरत म्हणाल्या, “मला आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.”