आईचे अर्धे राहिलेले वाक्य

श्रावणातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, भोसरीच्या सडकेवरच्या दवाखान्यात माझी पत्नी इंदू वारली. तिच्या पायाला जखम झाली होती. त्यासाठी तिला पेनिसिलिनची सुई दिली. सुई दिल्यापासून वीस मिनिटांत ती गेली.

एवढे लिहायला मला फार दिवस लागले. मी इथल्या शाळेत मास्तर आहे, लिहिणे-वाचणे हाच माझा व्यवसाय, तरी या चार ओळींपुढे हात जात नव्हता. त्या दिवशी काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. मी काय केले ते माझ्याखेरीज तिघींनाच माहीत आहे, आणि त्यातली एक आता नाही.

विहिरीवर पाणी भरताना इंदूच्या पायात गंजलेला पत्रा शिरला होता. तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला, अंगात ताप भरला, आणि शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेले. मी, इंदू आणि आई. दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे सारे एक नर्सबाई पाहत. डॉक्टरांनी पाय पाहिला, सुई लिहून दिली आणि ते पलीकडच्या खोलीत गेले. सुई भरण्यापूर्वी नर्सबाईंनी विचारले, "याआधी कुठलं औषध यांना बाधलं होतं का?"

इंदूने माझ्याकडे पाहिले. बाहेरच्या माणसाला उत्तर मी द्यायचे अशी आमच्या घरची रीत होती. मी म्हणालो, "नाही."

मागून आई म्हणाली, "अरे, मागे तिला ते गळू झालं होतं ना, तेव्हा पित्त..."

"आई, त्या पित्ताचं नाही विचारत. औषधाचं विचारतायत. तू जरा गप्प बस."

मी रागाने बोललो नव्हतो. शिकलेला मुलगा न शिकलेल्या आईशी चारचौघांत जसा बोलतो तसा बोललो. बाहेर ओट्यावर बरीच माणसे खोळंबली होती. आई गप्प बसली. नर्सबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि सुई भरली.

थोड्या वेळाने इंदू म्हणाली, "अहो, घशात कसंतरीच होतंय." तिचे ओठ सुजू लागले होते. यापुढचे मी तपशिलाने लिहिणार नाही. नर्सबाईंनी तिला आडवे केले, पायांखाली उशा सरकवल्या, डॉक्टरांना हाक मारली, कपाटातून काचेची नळी काढून फोडली आणि दुसरी सुई दिली. मग तिसरी. काच त्यांच्या बोटात शिरली होती. रक्त पांढऱ्या चादरीवर पडत होते आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती. त्यांनी काही कमी केले नाही. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण गावात नंतर नाही नाही ते बोलले गेले.

इंदू सोमवार करायची. घरातल्या फळीवरच्या चार देवांना ती रोज फुले वाहायची, फुले नसली की तुळशीचे पान. ती गेल्यावर पूजा आई करू लागली. मी देवासमोर उभा राहिलो नाही. मला त्याला एकच विचारायचे होते. जो सर्व जाणतो म्हणतात, त्याला त्या खोलीत एक शब्द बोलता आला नाही?

चौदाव्या दिवशी नर्सबाई आमच्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या आणि आईजवळ जमिनीवरच बसल्या. "आजी, त्या दिवशी तुम्ही काही सांगत होतात," त्या म्हणाल्या. आईने आधी माझ्याकडे पाहिले. मला वाटते, ती परवानगी मागत होती. मी मान खाली घातली. मग आईने सांगितले. चैत्रात इंदूच्या पाठीवर गळू झाले होते, तेव्हा खेडला एका डॉक्टरांनी सुई दिली होती. संध्याकाळी तिच्या अंगभर पित्त उठले, लाल चट्टे आणि खाज. आई मूळची कोकणातली. माळ्यावर आमसुलांची बरणी कायम भरलेली. तिने आमसुले भिजवून ते पाणी इंदूच्या अंगाला चोळले आणि सकाळपर्यंत पित्त गेले. खाण्यात काहीतरी आले असेल, असे सगळ्यांनी धरले. मीही.

नर्सबाई आईच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "आजी, ते खाण्यातलं पित्त नव्हतं. अंग सांगत होतं, हे औषध मला सोसत नाही म्हणून. पहिल्या वेळी ते नुसतं कुरकुरतं. दुसऱ्या वेळी कधी कधी असं होतं." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "मीही चुकीचं विचारलं. औषध बाधलं का, म्हटलं. बाधणं म्हणजे काहीतरी मोठं. पित्ताला कोण बाधणं म्हणतं? आता मी सुई भरायच्या आधी पित्ताचं विचारीन, आमसुलाचं विचारीन. उताऱ्याची सुई आधीच भरून उशाशी ठेवीन. आणि सुई दिल्यावर अर्धा तास कुणालाही बाकावरून उठू देणार नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. जाताना त्या मला काही बोलल्या नाहीत. आईही नाही, ना तेव्हा ना नंतर. फक्त त्यानंतर आईला एक सवय लागली. "अरे, ती सरपणाची मोळी..." असे काही म्हणायला तोंड उघडायची, मग माझ्याकडे पाहून थांबायची. वाक्य तिथेच राहायचे. पुढे काय ते विचारायची माझी छाती झाली नाही. वर्षभर आमच्या घरात अशी अर्धी वाक्ये पडून होती.

त्या वर्षी पिंपरीकडच्या माळावर त्याच औषधाचा कारखाना उभा राहत होता. मोठ्या वर्गातली मुले त्याबद्दल अभिमानाने बोलत. ते औषध किती माणसांना वाचवते हे मी वाचले होते आणि मला ते पटतही होते. औषधाचा राग मला कधी आला नाही. राग कुणावर आहे ते मला ठाऊक होते. तरी वर्गात कुणी कारखान्याचे नाव काढले की मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राहायचो. दवाखान्यावरून जाणेही मी सोडले. शाळेला मागच्या शेतांतून वळसा घालून जाऊ लागलो.

वर्षश्राद्धाला मी आळंदीला गेलो. घाटावर विधी झाले. समाधीच्या दर्शनाची रांग दिसत होती, पण मी रांगेत उभा राहिलो नाही. तसाच पायी परत निघालो. चऱ्होलीच्या पुढे माझ्या वहाणेचा अंगठा तुटला आणि मी मैलाच्या दगडावर बसलो. मागून एक बैलगाडी आली. हाकणारा तिशीचा माणूस होता, खडकीच्या कारखान्यात कामाला जाणारा. मागे त्याची बायको घोंगडी पांघरून पडली होती. शेजारी त्याची म्हातारी आई चार महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

म्हातारीनेच हाक मारली. "गुरुजी दिसताय जनू. एवढं शिकता-शिकवता, आन् वहाणंला दाभण मारून घ्यायचं सुचलं न्हाई व्हय?"

"आये, वाईच दम धर की," तो म्हणाला. "बसा गुरुजी. आमी भोसरीलाच चाललोय, दवाखान्यात. सगुणाच्या काखंत गळू झालंय. दोन दिस झालं, तापानं डोळं उघडंना."

तोवर मी गाडीत चढून बसलो होतो. दवाखान्याचे नाव ऐकून मला उतरून जावेसे वाटले. पण उतरायला कारण हवे आणि पायात वहाण नव्हती. वाटेत म्हातारी नातीला खेळवत होती, अधूनमधून सुनेच्या कपाळाला हात लावत होती. मी गाडीच्या फळीकडे पाहत बसलो.

दवाखान्यासमोर गाडी थांबली. तो बायकोला दोन्ही हातांवर उचलून घेत म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकलेली मान्सं. तुमीबी आत चला. बाई काय इचारतील ते मला नीट कळायचं न्हाई."

मी म्हणालो, "मी बाहेर बसतो."

ती पायरी मला चढवेना. एका आजारी बाईसाठीसुद्धा चढवेना, याची लाज मला आजही वाटते. तो एकटाच आत गेला. म्हातारी तान्ह्या नातीला घेऊन ओट्यावर टेकली आणि मी तिच्या शेजारी. वर खिडकी उघडी होती. आतून वर्षभरात न ऐकलेला तो आवाज आला. नर्सबाई विचारत होत्या, "हिला आधी कधी सुई दिली होती?"

"व्हय. आखाडात. काटा लागून हात पिकला व्हता तवा."

"मग त्यानंतर अंगावर पित्त उठलं? आमसूल लावावं लागलं?"

"न्हाई बा." तो जरासा हसल्यासारखा वाटला. "आमच्या घरात आमसूल कुनी आनीतबी न्हाई."

त्यांनी शिकलेला प्रश्न विचारला होता. तो माझ्याच घरातून गेलेला होता. तरी उत्तर 'नाही' असेच आले, आणि काचेवर काच वाजल्याचा आवाज मला ऐकू आला. शेजारी म्हातारी नातीला थोपटत, कुणाला न सांगता, आपल्याशीच बोलत होती. "देवा, आता सुई टोचत्याल. मागल्या येळेसारखी गांध उठाया नगं बाई. केवढाली गांध, अंगभर. गेरू चोळला, घोंगडीत गुंडाळली, तवा कुठं सांजंला पळाली."

गांध म्हणजे काय ते मला क्षणभर कळलेच नाही. मग कळले. तेच पित्त, त्याचे इकडचे नाव. आमसुलाच्या जागी गेरू. मुलगा कामावर गेलेला असणार, त्याला चुलीपाशी काय झाले ते कुठून ठाऊक?

मी कधी उठलो आणि ती पायरी कधी चढलो ते मला आठवत नाही. आत नर्सबाईंनी सुई वर धरली होती. मी म्हणालो, "थांबा. आजींना विचारा. बाहेर आजी आहेत, त्यांना बोलू द्या."

त्यांनी मला ओळखले. सुई खाली ठेवली आणि स्वतः बाहेर ओट्यावर गेल्या. मुलगा दारात येऊन म्हणाला, "आये, कायबी बोलू नगं हां, त्या औषधाचं..." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो थांबला. म्हातारीने सगळे सांगितले, अगदी गेरू कुठल्या दुकानातला होता इथपर्यंत, आणि नर्सबाईंनी सगळे ऐकून घेतले.

ती सुई सगुणाला दिली नाही. डॉक्टरांनी गळवाला चीर देऊन पू काढला आणि दुसऱ्या औषधाच्या गोळ्या दिल्या. नर्सबाईंनी मला जवळ बोलावून वही दाखवली. एका पानावर 'पित्त, आमसूल' असे होते. त्याखाली त्यांनी माझ्यासमोर लिहिले : 'गांध, गेरू, घोंगडी.' आणि त्याखाली : 'घरातल्या बाईला विचारणे.' मग हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, प्रत्येक गावात हे पान वाढत जाणार. मला कळतंय ते एवढंच की मला सगळं माहीत नाही."

सगुणा बरी झाली. दोन महिन्यांनी म्हातारी भुईमुगाच्या शेंगांचे गाठोडे घेऊन शाळेत आली आणि सुनेच्या गळ्यातल्या ताइताची गोष्ट मला सांगून गेली. नर्सबाईंनी 'हिला ही सुई देऊ नये' असा कागद लिहून दिला होता. म्हातारीने तो घडी करून ताइतात भरला होता. "देवाचा अंगारा आन् बाईचा कागद, दोनीबी एकातच," ती म्हणाली.

त्या दिवसाचे नवल मी कुणाला पटवू पाहत नाही. वहाण जुनी होती, ती कधीतरी तुटणारच होती. पण मला एवढे दिसते की मी धीराचा माणूस असतो तर त्याच्याबरोबर आत गेलो असतो, आणि आत त्याच्याइतकाच अडाणी ठरलो असतो. मला पायरी चढवली नाही म्हणून मी म्हातारीपाशी बसलो. माझ्या कमकुवतपणाचाही उपयोग करून घेणारे कुणीतरी तिथे होते. आणि मग वर्षभर देवाला विचारत होतो त्या प्रश्नाचे उत्तर मला आपोआप मिळाले. तो त्या मंगळवारीही गप्प नव्हता. माझ्या मागे उभा राहून बोलायला लागला होता. मीच त्याला गप्प बस म्हणालो.

वर्षश्राद्धाच्या त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारले, "आई, त्या दिवशी दवाखान्यात तू काय सांगत होतीस?"

तिचे हात थांबले. तिने सूप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "हेच रे. मागे गळवाला सुई दिली होती, तेव्हा हिच्या अंगावर पित्त उठलं होतं. तेवढं त्या बाईंच्या कानावर घाल, म्हटलं."

मी तिच्या पायांवर डोके ठेवले. तिने पाय मागे घेतले नाहीत.

इंदू नाही. घरात आई आहे, मी आहे आणि माळ्यावर आमसुलांची बरणी आहे. सकाळी देवापुढे दिवा मी लावतो. आई बोलू लागली की मी हातातले पुस्तक मिटतो आणि तिचे वाक्य संपेपर्यंत थांबतो.